वहीतले चोवीस आकडे : बार्शीतल्या एका शाळेतल्या बीपी प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून २०२४

शनिवारी शाळा सुरू झाली आणि आज मुख्याध्यापकांच्या सहीचं परवानगीपत्र हातात पडलं. नववी आणि दहावी, दोन-दोन तुकड्या. विज्ञानाचे सर सोबत आहेत. बीपी मोजायच्या दहा मशीनचे पैसे आम्ही चार डॉक्टरांनी मिळून घातले.

हे सुरू झालं एप्रिलमध्ये. सोळा वर्षांचा एक मुलगा क्रीडा प्रबोधिनीच्या फॉर्मवर 'फिट' म्हणून सही घ्यायला आला होता. पट्टा बांधला तर १४८/९२. दहा मिनिटं शांत बसवून परत बघितलं, १४४/९०. आईला विचारलं, याआधी कधी बीपी बघितलं होतं का? ती म्हणाली, "याला कशाला, मॅडम? लहान आहे की अजून." जन्मापासूनची त्याची फाइल माझ्याकडे आहे. वजन, उंची, लसी, गोवर, पडून फुटलेलं कपाळ, सगळं त्यात आहे. बीपीचा रकाना मात्र सोळा वर्षं कोरा. तो भरायचं काम माझं होतं. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एकदा बीपी बघावं, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१७ साली स्पष्ट लिहिलंय. ते मी वाचलंही होतं. ओपीडीत सत्तर मुलं रांगेत असतात तेव्हा ते मागे पडतं. दुसरं कारण माझ्याकडे नाही.

नववी-दहावी निवडली कारण तेरा वर्षांनंतर हिशोब सोपा होतो. १२०/८० च्या आत असेल तर ठीक. वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत, तर वाढतं बीपी. १३०/८० पासून जास्त बीपीची पहिली पायरी, १४०/९० पासून दुसरी. त्याहून लहान मुलांना वय, मुलगा की मुलगी आणि उंची, हे तिन्ही बघून तक्ते धुंडाळावे लागतात.

शाळेत एकदा मोजून निदान करायचं नाही, हे आधीच ठरवलंय. वेगवेगळ्या तीन दिवशी वाढलेलं दिसलं तरच पुढचं पाऊल. खरं तर त्यानंतर चोवीस तासांचं मशीन लावायला हवं, दंडावर पट्टा बांधून दिवसरात्र मोजणारं. ते बार्शीत नाही, सोलापूरला आहे. सत्तर किलोमीटर, आईबापाची दोन दिवसांची रोजी, वर मशीनचं भाडं. शंका येईल त्या प्रत्येक पोराला मी तिकडे पाठवू शकत नाही. म्हणून मध्ये एक चाळणी लावतेय: मशीन घरी द्यायचं, सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजायचं. अमेरिकेची मार्गदर्शक तत्त्वं नुसत्या घरच्या मोजणीवर निदान करू नका म्हणतात. युरोपातले डॉक्टर घरच्या आकड्यांना जास्त वजन देतात. मला इथे दोन्हींचं ऐकता येतं: घरचे आकडे चाळतील आणि चाळणीवर राहतील ती मुलं सोलापूरला जातील.

२४ जून

आज दिवसभर पट्टे. लिहून ठेवते, कारण हे चुकलं तर पुढचं सगळं चुकेल.

मशीन आली ती एकाच मापाच्या पट्ट्याची, २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी. सरांनी आणि मी एका तुकडीचे दंड टेपने मोजले. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं, मधोमध पेनाने खूण करायची आणि तिथे घेर मोजायचा. सगळ्यात बारीक दंड १८.५, सगळ्यात जाड ३५. म्हणजे एकाच वर्गात तीन मापं लागतात. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के रुंद हवी आणि लांबीने ८० ते १०० टक्के घेर व्यापणारी हवी. पिशवी तोकडी पडली की शीर दाबायला जास्त हवा लागते आणि आकडा खोटाच वर जातो.

हे सरांना पटावं म्हणून ३५ च्या दंडावर दोन्ही पट्टे लावून दाखवले. मधल्या पट्ट्यात १३९, मोठ्या पट्ट्यात १२४. तेच मूल, तीच खुर्ची, मध्ये पाच मिनिटं. जाड मुलांना बीपी जास्त असतं हे खरंच आहे. पण त्यांना नेहमी तोकडाच पट्टा मिळतो आणि मग ते आहे त्याहूनही जास्त दिसतं, हेही खरं आहे. उलट बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर खरं बीपी झाकलं जातं, आणि ते अधिक धोक्याचं.

दुकानदाराने 'मुलांचा पट्टा' म्हणून आणखी एक मशीन दाखवलं, निम्म्या किमतीत. तपासून पाहिलं तर कुठल्याही मान्यताप्राप्त यादीत त्याचं नाव नव्हतं. ही मशीन आवाज ऐकत नाहीत. शिरेची धडधड पट्ट्यातल्या हवेला हलवते, तो हेलकावा कुठे सगळ्यात मोठा आहे तेवढं त्यांना कळतं. तिथून वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या गणिताने काढला जातो. ते गणित मोठ्या माणसांवर बसवलेलं असेल तर पंधरा वर्षांच्या दंडावर ते बरोबरच येईल असं नाही. 'स्ट्राइड बीपी' नावाची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात मुलांवर पारखलेल्या मशीनचा वेगळा विभाग आहे. आमची दहाही त्यात आहेत. स्वस्तातलं परत दिलं. लहान आणि मोठे पट्टे सोलापूरहून मागवलेत, आठवडा लागेल.

२ जुलै

पहिली फेरी. प्रार्थनेच्या हॉलमध्ये मांडणी केली आणि अर्ध्या तासात मोडली. एकाच्या दंडावर पट्टा फुगला की भोवतीचे सगळे हसतात, ज्याच्या दंडावर आहे तोही हसतो. हसताना घेतलेला आकडा कशाचा म्हणायचा? प्रयोगशाळेत हललो. एका वेळी चार मुलं, दार बंद, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बोलायचं नाही, पाच मिनिटं. मग उजव्या हातावर तीनदा. पहिला आकडा लिहायचा पण धरायचा नाही, पुढच्या दोन्हींची सरासरी. ज्यांचं जास्त आलं त्यांचं मी स्टेथोस्कोप लावून हाताने परत बघते.

उजवाच हात का, असं एका मुलीने विचारलं. तक्ते उजव्या हाताच्या मोजणीवर बेतलेत हे एक. दुसरं, हृदयातून निघणारी मोठी धमनी काही जणांत जन्मतःच एके ठिकाणी चिंबलेली, म्हणजे अरुंद झालेली असते. डाव्या हाताची फांदी त्या जागेच्या पुढून निघत असेल तर डावा हात सगळं ठीक सांगतो आणि आजार निसटतो. तिने वहीत लिहून घेतलं. दहावीची आहे.

९ जुलै

दुसरी फेरी. मागच्या वेळी जास्त आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे आज खाली आले. पट्ट्याची ओळख झाली, भीती गेली. पहिल्या फेरीनंतरच चिठ्ठ्या घरी धाडल्या असत्या तर किती घरांत उगाच रडारड झाली असती!

१७ जुलै, आषाढी

शाळेला सुट्टी. काल तिसरी फेरी झाली. तिन्ही वेळा सरासरी १३०/८० किंवा वर असलेली १७ मुलं. त्यांच्याशिवाय मी आणखी नऊ जणांना घेतेय, ज्यांचं शाळेत ठीक आलं पण वजन फार आहे किंवा आईबाप दोघंही बीपीची गोळी घेतात. काहींचं बीपी डॉक्टरसमोर चढतं तसं काहींचं डॉक्टरसमोर दबलेलं राहतं. त्यांना कुणी शोधतच नाही.

आज बसून घरी द्यायच्या सूचना लिहिल्या. तीनदा खोडलं. 'विश्रांत अवस्थेत बसावे' हे कुणी वाचणार नाही. शेवटी असं ठेवलं:

"सकाळी उठल्यावर आधी लघवीला जाऊन ये. चहा-नाश्त्याच्या आधी मोज. संध्याकाळी जेवणाच्या आधी मोज. खेळून, सायकल मारून किंवा चहा पिऊन आला असशील तर अर्धा तास थांब. खुर्चीला पाठ टेकव, मांडी घालू नको, पायावर पाय नको. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आला पाहिजे. टेबल बुटकं असेल तर कोपराखाली दप्तर किंवा उशी ठेव. पाच मिनिटं मोबाइल नाही, टीव्ही नाही, बोलणं नाही. एकदा मोज, एक मिनिट थांब, परत मोज. दोन्ही आकडे लिही. कमी आलेला निवडू नको. पटलं नाही तरी तोच लिही."

दप्तराची ओळ महत्त्वाची. हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा पाऱ्याच्या आठेक मिलिमीटरने वाढतो. रक्ताच्या उंच स्तंभाचं साधं वजन आहे ते, सर आठवीला शिकवतात तेच द्रवाचा दाब प्रकरण. आठ मिलिमीटरमध्ये मूल एका पायरीवरून दुसरीवर जातं.

सात दिवसांचे रोज चार, म्हणजे अठ्ठावीस आकडे. पहिला दिवस शिकण्यात जातो, तो सोडून चोवीस. त्यांची सरासरी काढायची.

वहीच्या पहिल्या पानावर जन्माच्या वजनाचा रकाना ठेवलाय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांपासून अभ्यास सुरू केला. आपली बाळं वजनाने लहान जन्मतात, पण त्या लहानशा अंगातही चरबी मात्र टिकून असते, हे त्यातून पुढे आलं. अशा शरीरावर पुढे वजन भराभर चढलं तर काय होतं ते आपण घरोघरी पाहतोच. पन्नाशीत दिसणाऱ्या बीपीची सुरुवात कुठे शोधायची, हे त्या अभ्यासाने माझ्या पिढीच्या डॉक्टरांना शिकवलं.

२७ जुलै

पालकसभा. वडील मोजके, आया आणि आज्या भरपूर. एक आजी उठून म्हणाली, "मला बीपी हाय, माझ्या सुनंला हाय, आता नातीलाबी लागलं का?" बीपी 'लागतं', जशी नजर लागते. मी म्हटलं, अजून कुणालाच काही लागलेलं नाही, आपण फक्त मोजणार आहोत.

सभा संपल्यावर एक आई थांबली. सगळे जाईपर्यंत फळ्याजवळ उभी होती. म्हणाली, "मॅडम, तेवढं पोरीचं नाव वहीत नका लिहू. उद्या स्थळं बघायची वेळ आली की कुणीतरी उकरून काढतंय." तिचं चुकत नव्हतं. गावात असं घडलेलं मी पाहिलंय. रात्री सगळ्या वह्यांवरची नावं काढून क्रमांक घातले. नाव आणि क्रमांकाची जोडी एकाच कागदावर, तो दवाखान्याच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

५ ऑगस्ट

पहिल्या दहा वह्या परत आल्या. प्रत्येक वहीशेजारी मशीन ठेवून मेमरीतले आकडे ताडून बघितले.

वही क्रमांक ६ मध्ये अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वेळा १२०/८०. मशीनमध्ये वेगळंच, आणि मुळात अकराच नोंदी. मुलगा मान खाली घालून उभा. बीपी जास्त निघालं तर कबड्डीच्या संघातून काढतील अशी भीती. त्याला सांगितलं की कुणी काढणार नाही आणि १३२ आला तरी आधी खेळच वाढवायला सांगतात. परत आठवडाभर मशीन दिलं.

वही क्रमांक ३ नीट लिहिलेली, पण मेमरीत मध्येच १७२/१०४. घाबरून मुलीला विचारलं तर म्हणाली, "ते पप्पांचं आहे. त्यांनी गंमत म्हणून लावून बघितलं." पप्पा ट्रकवर असतात, वय एक्केचाळीस, कधीच तपासलेलं नाही. संध्याकाळी त्यांना बोलावून घेतलं, स्टेथोस्कोपनेही १७०/१०२. आता त्यांचे उपचार आमच्या फिजिशियन मित्राकडे. पुढच्या खेपेपासून मशीनचं पहिलं बटण मुलाचं आणि दुसरं घरच्यांचं, असं चिकटपट्टी लावून लिहून देतेय. घरच्यांनी लावूच नये असं सांगण्यात काही अर्थ नाही, ते लावणारच आणि लावावंही.

८ ऑगस्ट

घरच्या सरासरीला कुठली रेघ लावायची, हा प्रश्न दोन रात्री छळतोय.

मोठ्या माणसांत घरचं बीपी आणि चोवीस तासांच्या मशीनवरचं दिवसाचं बीपी साधारण एकाच पातळीला असतं. मुलांत तसं नाही. मूल दिवसभर पळतं, जिने चढतं, भांडतं, त्यामुळे त्याचं दिवसाचं बीपी वर असतं आणि खुर्चीत शांत बसून घेतलेलं घरचं बीपी त्याहून खाली. म्हणजे दिवसाच्या मशीनची रेघ घरच्या आकड्यांना लावली तर खरंच बीपी असलेली काही मुलं निसटतील.

घरच्या आकड्यांचा मुलांसाठीचा जो तक्ता जगभर वापरतात तो अथेन्समधल्या आर्साकिओन शाळेतल्या मुलांचा. २००७ साली छापला, सहा ते अठरा वर्षांची ७७८ मुलं, मुलगे-मुली वेगळे आणि उंचीप्रमाणे. एकाच शहरातली, ग्रीक, आपल्या मुलांहून अंगाने वेगळी. आपल्याकडचा तसा तक्ता माझ्या हाती नाही. ठरवलं असं: त्या तक्त्यात उंचीप्रमाणे ९५ च्या रेघेवर (शंभरातली ९५ मुलं जिच्या खाली असतात ती) गेलेलं प्रत्येक मूल पुढे पाठवायचं, आणि वरचा १३० किंवा खालचा ८० यांपैकी काही गाठलं असेल तर तक्ता न बघताच पाठवायचं. थोडी जास्त मुलं सोलापूरला जातील. एखादं निसटण्यापेक्षा ते परवडेल.

१३ ऑगस्ट, रात्री

वही क्रमांक १४.

काटकुळा मुलगा, पंधरा वर्षांचा, दंड १९. शाळेत तिन्ही फेऱ्यांत १३६/८६ च्या आसपास. पट्टा बांधताना तळहात घामाने ओले. घरात बीपी कुणालाच नाही. मी मनातल्या मनात त्याला डॉक्टरसमोर चढणाऱ्या बीपीच्या रांगेत उभं करून मोकळी झाले होते. घरी खाली येईल, वही परत देईल, झालं.

वही आज आली. बारीक, सरळ अक्षर. चोवीस आकडे, सगळ्यात कमी १३८, सगळ्यात जास्त १४६. सरासरी १४२/९२. सकाळ-संध्याकाळ फरक नाही, पहिल्या-सातव्या दिवसात फरक नाही. मशीनची मेमरी वहीशी आकड्यागणिक जुळते. इतकं स्थिर बीपी पाहून पोटात गोळा आला. भीतीचं बीपी वर-खाली होतं. हे जागचं हलतच नव्हतं.

त्याला आईबरोबर लगेच बोलावून घेतलं. लहान पट्ट्याने, हाताने, दोन्ही दंडांवर: १४२/९०, १४०/९०. मांडीवर पट्टा बांधून पायाचं, ते हातापेक्षा वर, म्हणजे धमनी चिंबलेली नाही. जांघेतली नाडी दोन्हीकडे सारखी. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून मूत्रपिंडाच्या शिरांचा सूंऽऽ असा आवाज शोधला, नाही. आपल्याकडे मोठ्या धमन्यांना सूज येऊन आक्रसणारा ताकायासू नावाचा आजार तरुण मुला-मुलींत दिसतो, त्यात एका हाताची नाडी मंद लागते किंवा लागतच नाही. तेही नाही. मग लघवीत पट्टी बुडवली. प्रोटीनचा चौकोन हिरवा झाला, दोन प्लस, म्हणजे लघवीतून प्रोटीन जातंय.

आईला हळूहळू विचारत गेले. लहानपणी आजारी पडायचा का? "ताप यायचा मॅडम सारखा. तीन वर्षांचा होईतो. लघवी करताना रडायचा. गावातले डॉक्टर औषध द्यायचे, उतरायचा." लघवीची तपासणी? "ती कुठं केली तवा."

सोनोग्राफी आजच करून घेतली. उजवं मूत्रपिंड १०.६ सेंटिमीटर, डावं ७.४, कडा वेड्यावाकड्या.

लघवी मूत्राशयातून उलटी वर चढत राहिली, तिच्याबरोबर जंतू, आणि प्रत्येक तापाने मूत्रपिंडावर एक-एक वण ठेवला. बारा वर्षं तो वण गप्प होता. तो बोलला तो फक्त बीपीतून. या मुलाचं डोकं दुखलं नाही, चक्कर आली नाही, तो सायकलने शाळेत येतो आणि गणितात वर्गात पहिला आहे.

दुसऱ्या पायरीचं बीपी असलेल्या मुलाला आठवड्याच्या आत तज्ज्ञाकडे पोचवायचं असतं. पुण्याला मुलांच्या किडनीतज्ज्ञांशी फोनवर बोलले. शुक्रवारी बोलावलंय. एसटीचे पैसे सरांनी दिले, मला नंतर कळलं.

२२ ऑगस्ट

पुण्याहून आले. स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडात वण पक्के. उजवं चांगलं काम करतंय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातला आकडा) जागेवर. एनालाप्रिल सुरू केलं, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघायचं. या औषधाने बीपीही उतरतं आणि लघवीतून जाणारं प्रोटीनही कमी होतं. 'एस्केप' नावाची युरोपातली चाचणी २००९ साली छापली, तिच्यात ३८५ मुलं होती. मूत्रपिंड दुखावलेल्या मुलांचं बीपी नुसतं सामान्यावर न थांबता आणखी खाली ठेवलं तर उरलेलं मूत्रपिंड जास्त टिकतं, हे त्यातून कळलं. म्हणून त्याची रेघ इतर मुलांपेक्षा खाली आहे. मशीन त्याच्याकडेच ठेवायला सांगितलंय. डोस घरच्या आकड्यांवरून ठरेल.

उरलेल्या नऊ मशीनवर तिसरी खेप चालू.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. मशीन कपाटात. आरत्या, मोदक, जागरणं आणि ढोलपथकाच्या सरावात घेतलेल्या आकड्यांवर मला विश्वास ठेवता येणार नाही.

२० सप्टेंबर

सगळ्या वह्या आल्या. शाळेत तिन्ही वेळा जास्त आलेल्या १७ पैकी आठ जणांचं घरचं बीपी पूर्ण सामान्य. त्यात ती स्थळांची काळजी असलेल्या आईची मुलगी आहे. शाळेत १३४/८४, घरी ११२/७०. तिला बोलावून वही समोर ठेवली. तिने स्वतःच बोट फिरवत आकडे वाचले आणि विचारलं, "मग माझा नंबर काढणार ना?" काढणार नाही, वर्षातून एकदा बघत राहू, असं सांगितलं. अशा मुलांतल्या काहींचं पुढे खरं बीपी होतं. पण गोळी नाही, तपासण्या नाहीत. आईला फोन केला तेव्हा पलीकडे बराच वेळ नुसती शांतता होती, मग "बरं, बरं" एवढंच.

शाळेत ठीक आलेल्या नऊ जणांत एक मात्र घरी वर निघाला. सकाळी ११८-१२० आणि संध्याकाळी १३६-१३८. सरासरीच घेतली असती तर १२८ वर बसून गेला असता. वहीच्या समासात त्याने स्वतःहून लिहिलंय: 'क्लासवरून आलो', 'कॅनवालं पिलं', 'रात्री १ ला झोपलो'. कॅनवालं म्हणजे कॅफीनचं पेय, दोन क्लासच्या मध्ये, रोज एक. आपल्याकडच्या नियमात त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. आधी दोन आठवडे ते बंद, अकराला झोप, मग परत मोजणी. उतरलं नाही तर सोलापूर.

१० ऑक्टोबर

कॅनवाल्याचं उतरलं, पण पुरतं नाही. संध्याकाळचं १३१. चोवीस तासांच्या मशीनसाठी तारीख घेतली.

आज दोन घरी जाऊन आले, मीठ बघायला. कुणालाही विचारलं तर "आम्ही मीठ कमीच खातो" असं उत्तर येतं. म्हणून प्रश्न बदलला: मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते? पहिल्या घरी बाई म्हणाली, "वीस दिवस." माणसं पाच. किलोला वीस दिवस म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम, माणशी दहा. थोडं धुण्यात, थोडं लोणच्याच्या बरणीत जात असेल. जागतिक आरोग्य संघटना माणशी पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे पाच जणांना किलोभर मीठ चाळीस दिवस पुरायला हवं. बाईने हिशोब परत करायला लावला, मग मुलाला. मग उठून डब्यातलं मीठ हातात घेऊन बघितलं.

शेंगदाण्याची चटणी सोडा असं मी सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगणार नाही. चटणी निम्म्या मिठाची कुटायची, भाकरीच्या पिठात मीठ घालायचं नाही, पापड-लोणचं एका जेवणात दोन्ही नकोत, आणि पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं दप्तरातून हद्दपार. दुसऱ्या घरच्या आजीने तिखटात लसूण वाढवला की मीठ कमी चालतं असं सांगितलं. हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलं, बाकी घरांना सांगेन.

२५ नोव्हेंबर

दिवाळी आणि निवडणूक उरकली. शाळेतच मतदान केंद्र होतं, प्रयोगशाळेची टेबलं परवापर्यंत व्हरांड्यात. आज ती लावून घेतली आणि आठवीच्या नव्या तुकडीची पहिली फेरी.

सोलापूरला आतापर्यंत सात जण जाऊन आले. पाच जणांचं बीपी पक्कं, त्यात कॅनवालाही. चौघांना वजन, खेळ, मीठ, झोप, आणि तीन महिन्यांनी परत सात दिवसांची वही. पाचवी मुलगी मूळची जाड, तिची साखर आणि डोळे बघायला पाठवलंय.

वही क्रमांक १४ ची नवी वही आली. गेल्या आठवड्याची सरासरी ११४/६८. पुण्याचे डॉक्टर समाधानी, लघवीची पट्टी आता एक प्लस.

तो मदतीला आपणहून आला होता. आपलं काय झालंय ते त्याने वर्गात कुणाला सांगितलेलं नाही, मीही नाही. दार बंद, चार मुलं, पाच मिनिटं. आठवीतला एक बुटका मुलगा पट्टा बांधून बसला, हात टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. मी स्टेथोस्कोप कानाला लावत होते, माझं लक्ष नव्हतं. याने काही न बोलता आपलं दप्तर उचललं आणि त्याच्या कोपराखाली सरकवलं.